इंग्रजी बोलणे आणि इंग्रजीतून शिकणे

ब्रिटिश माध्यमिक शाळेत जाणाऱ्या परदेशी मुलांची भाषिक पूर्वतयारी

इंग्लंडमधील शाळांचे नवे वर्ष सप्टेंबरच्या आरंभी सुरू होते. त्या सुमारास तेरा ते सोळा वर्षांची अनेक मुले जगाच्या निरनिराळ्या भागांतून तेथे दाखल होतात. कोणी हाँगकाँग वा चीनमधून आलेले असते, कोणी नायजेरिया, जर्मनी किंवा स्पेनमधून, तर कोणी मुंबई-पुण्याहून. काहींचे आईवडील नोकरीनिमित्त सोबत असतात. काही मुले एकटीच असतात व निवासी शाळेत राहतात. यांतील बहुतेकांना इंग्रजी ‘येत’ असते. विमानतळावर, दुकानात, भोजनगृहात त्यांचे अडत नाही. अडते ते वर्गात. शिक्षकांचे शब्द कळतात, परंतु त्यांनी नेमके काय करावयास सांगितले ते कळत नाही. उत्तर ठाऊक असते, परंतु कागदावर उतरत नाही. घरी हुशार म्हणून गणलेले मूल मागच्या बाकावर गप्प बसू लागते.

या गप्प बसण्याचा अर्थ पालक बहुधा ‘अभ्यासात मागे पडला’ असा लावतात. वस्तुतः अनेकदा ते मूल अभ्यासात मागे नसते; अभ्यासाच्या भाषेत मागे असते. हा भेद वेळीच ओळखला तर त्यावर उपाय आहे. ओळखला नाही, तर पौगंडावस्थेतील आत्मविश्वास त्याची किंमत मोजतो.

दोन प्रकारची इंग्रजी

कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये या भेदाला शास्त्रीय नाव दिले. दैनंदिन संभाषणाची भाषा वेगळी आणि शालेय विचाराची भाषा वेगळी, असे त्यांनी मांडले. संभाषणात समोरच्याचा चेहरा, हातवारे, प्रसंग यांचा आधार असतो. पाठ्यपुस्तकातील उताऱ्याला असा कोणताही आधार नसतो. जे काही आहे ते शब्दांतच आहे. परदेशातून आलेल्या मुलाला संभाषणाच्या भाषेत समवयस्कांच्या बरोबरीने येण्यास साधारण दोन वर्षे लागतात, तर अभ्यासाच्या भाषेत बरोबरी साधण्यास पाच ते सात वर्षे लागू शकतात, असा त्यांच्या निष्कर्षांचा सारांश आहे.

या दोन आकड्यांमधील अंतरच फसवे आहे. सहा महिन्यांत मूल ब्रिटिश वळणाने बोलू लागते, मित्र जमवते, विनोद करते. पालकांना वाटते, भाषेचा प्रश्न मिटला. शिक्षकही क्वचित तसेच समजतात. त्यानंतर इतिहासाच्या निबंधात कमी गुण पडले, की दोष आळसाला दिला जातो.

इंग्लंडमधील सरकारी शाळांत पाचांपैकी सुमारे एका विद्यार्थ्याची पहिली भाषा इंग्रजीखेरीज अन्य आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील स्टीव्ह स्ट्रँड यांनी अशा विद्यार्थ्यांच्या परीक्षाफलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. घरी दुसरी भाषा बोलली जाते ही गोष्ट स्वतः अडथळा ठरत नाही. इंग्रजीवरील प्रभुत्व किती आणि मूल त्या शिक्षणव्यवस्थेत कोणत्या वयात आले, या गोष्टी निर्णायक ठरतात, असे त्यातून दिसते. लहानपणी आलेली मुले पुढे बरोबरी साधतात, कधी पुढेही जातात. कठीण असते ते चौदाव्या-पंधराव्या वर्षी येणाऱ्यांचे.

वर्षांचा हिशेब

असे का, हे समजण्यासाठी तेथील शाळेची रचना पाहिली पाहिजे. इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळा अकराव्या वर्षी, ‘यिअर सेव्हन’पासून सुरू होते. ‘यिअर टेन’ व ‘यिअर इलेव्हन’ ही दोन वर्षे जीसीएसई परीक्षेच्या अभ्यासक्रमाची. ही परीक्षा सोळाव्या वर्षी होते. पुढची दोन वर्षे ‘सिक्स्थ फॉर्म’ची, त्यात विद्यार्थी बहुधा तीनच विषय घेऊन ‘ए लेव्हल’ करतो व त्या गुणांवर विद्यापीठाचा प्रवेश ठरतो. स्कॉटलंडची रचना व परीक्षा याहून निराळ्या आहेत.

येथे एक गैरसमज हमखास होतो. ‘यिअर टेन’ म्हणजे आपली दहावी नव्हे. शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, म्हणजे १ सप्टेंबरपूर्वी, ज्याला चौदा वर्षे पूर्ण झाली ते मूल ‘यिअर टेन’मध्ये बसते, आपल्याकडे ते साधारण नववीत असते. मूल कोणती इयत्ता उत्तीर्ण झाले यापेक्षा त्याची जन्मतारीख तेथे अधिक पाहिली जाते.

आता बेरीज-वजाबाकी सोपी आहे. चौदाव्या वर्षी गेलेल्या मुलाच्या हाती जीसीएसईपूर्वी दोन वर्षे असतात. अभ्यासाच्या भाषेला पाच ते सात वर्षे लागू शकतात. ही तूट तेथे गेल्यावर भरून निघणे अवघड आहे. तिचा मोठा भाग निघण्यापूर्वीच भरावा लागतो. निकालाचा परिणामही दूरवर जातो. जीसीएसईत ९ ते १ अशा श्रेणी असतात, ९ सर्वोच्च. इंग्रजी व गणितात किमान ४ श्रेणी न मिळाल्यास सरकारी अनुदानावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सोळाव्या वर्षानंतरही त्या विषयाचा अभ्यास चालू ठेवावा लागतो.

प्रश्न काय विचारतो?

ब्रिटिश प्रश्नपत्रिकेत सर्वांत महत्त्वाचा शब्द बहुधा क्रियापद असतो. ‘स्टेट’ म्हणजे केवळ सांगा. ‘डिस्क्राइब’ म्हणजे काय दिसते त्याचे वर्णन करा. ‘एक्स्प्लेन’ म्हणजे तसे का घडते ते उलगडा. ‘कम्पेअर’ म्हणजे साम्य आणि भेद दोन्ही मांडा. ‘इव्हॅल्युएट’ म्हणजे दोन्ही बाजू तोलून स्वतःचा निर्णय द्या.

जीवशास्त्रातील एक आलेख घ्या. तापमान वाढते तसतसा विकराचा वेग वाढतो, एका बिंदूला कमाल होतो आणि नंतर झपाट्याने घसरतो. प्रश्न ‘डिस्क्राइब’ असेल, तर एवढे लिहिणे पुरेसे आहे. प्रश्न ‘एक्स्प्लेन’ असेल, तर अति उष्णतेने विकराच्या क्रियाशील भागाचा आकार बदलतो आणि त्यामुळे ज्यावर अभिक्रिया घडते तो पदार्थ त्यात बसू शकत नाही, हे कारण लिहावे लागते. विज्ञान पक्के असूनही ज्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लिहिले, त्याचे गुण जातात. पाठांतरावर वाढलेल्या मुलाला ‘माहिती तर सगळी लिहिली, मग गुण का नाहीत?’ हे कोडे उलगडत नाही.

दुसरी अडचण ओळखीच्या शब्दांची. ‘व्हॉल्यूम’ म्हणजे दूरचित्रवाणीचा आवाज हे सर्वांस ठाऊक. गणितात ते घनफळ असते आणि ग्रंथालयात पुस्तकाचा खंड. ‘सोल्यूशन’ रसायनशास्त्रात द्रावण, गणितात उत्तर. ‘टेबल’ विज्ञानात कोष्टक. ‘पॉवर’ गणितात घात, भौतिकशास्त्रात शक्ती, इतिहासात सत्ता. ‘प्रॉडक्ट’ गणितात गुणाकार, अर्थशास्त्रात उत्पादन. मूल शब्द ओळखते, म्हणूनच शब्दकोश उघडत नाही, आणि तेथेच चुकते.

तिसरा गट सर्व विषयांत वावरणाऱ्या विचारदर्शक शब्दांचा. न्यूझीलंडमधील व्हिक्टोरिया विद्यापीठात एव्हरिल कॉक्सहेड यांनी निरनिराळ्या शाखांतील विद्यापीठीय मजकूर तपासून अशा ५७० शब्दकुलांची यादी सिद्ध केली. ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. ‘एव्हिडन्स’, ‘फॅक्टर’, ‘अझ्यूम’, ‘इंडिकेट’, ‘सिग्निफिकंट’ असे शब्द तीत आहेत. हे शब्द घरगुती बोलण्यात फारसे येत नाहीत, विज्ञानाच्या शिक्षकाला ते आपल्या विषयाचे वाटत नाहीत आणि भाषेच्या शिक्षकाला ते सोपे वाटतात. म्हणून ते शिकवायचे राहून जातात.

सर्वांत कठीण विषय इंग्रजी साहित्याचा. जीसीएसईत शेक्सपिअरचे एक नाटक, एकोणिसाव्या शतकातील एक कादंबरी, १९१४ नंतरची एखादी ब्रिटिश साहित्यकृती व कविता असा अभ्यास असतो आणि परीक्षेत पुस्तक जवळ बाळगता येत नाही. ‘मॅकबेथ’, चार्ल्स डिकन्सची १८४३ मधील ‘अ ख्रिसमस कॅरल’, जे. बी. प्रीस्टली यांचे ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ या कृती पुष्कळ शाळांत असतात. भाषा जुनी, समाज अपरिचित, वर्गभेदाचे संदर्भ अनोळखी. अशा वेळी कथानक आधी मातृभाषेत समजून घेणे ही पळवाट नव्हे, ती पायरी आहे. ‘मॅकबेथ’वरून वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ हे नाटक लिहिले. महत्त्वाकांक्षेने माणसाचा होणारा घात ज्याला आपल्या भाषेत भिडला, त्याला मूळ इंग्रजी ओळींशी झगडण्याचे बळ अधिक येते.

प्रवेशाची दारे

नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या पालकांची मुले सहसा सरकारी शाळेत जातात. तेथे शुल्क नसते आणि प्रवेशासाठी इंग्रजीची अट नसते. भाषेसाठी जादा मदत मात्र प्रत्येक शाळेत सारखी मिळत नाही. कोठे स्वतंत्र शिक्षक असतो, कोठे आठवड्यातून एखादा तास, तर कोठे मुलाने वर्गातच सांभाळून घ्यावे अशी अपेक्षा असते. शाळा निवडताना पालकांनी हा प्रश्न स्पष्टपणे विचारला पाहिजे.

एकट्याने जाणाऱ्या मुलासाठी ‘चाइल्ड स्टुडंट’ व्हिसा आहे. तो ४ ते १७ वर्षे वयासाठी असतो आणि परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना असलेल्या खासगी शाळेसाठीच मिळतो. या व्हिसासाठी सरकार इंग्रजीची परीक्षा घेत नाही. म्हणून व्हिसा मिळाला याचा अर्थ मुलाची इंग्रजी पुरेशी आहे, असा होत नाही. ती पारख शाळा करते. अनेक खासगी शाळा त्यासाठी ‘यूकेआयसेट’ ही संगणकावरील चाचणी मागतात. तीत तर्कबुद्धी, इंग्रजी वाचन व श्रवण आणि अर्ध्या तासात लिहावयाचा निबंध असे भाग असतात. काही शाळा मुलाखतही घेतात. नामांकित शाळांत तेराव्या वर्षीच्या प्रवेशाची प्रक्रिया दोन वर्षे आधी सुरू होते.

पातळी मोजण्यासाठी युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ए-१ ते सी-२ ही सहा पायऱ्यांची मोजपट्टी सर्वत्र वापरतात. केंब्रिजच्या ‘बी-१ प्रिलिमिनरी’ व ‘बी-२ फर्स्ट’ या परीक्षांच्या शालेय मुलांसाठी वेगळ्या आवृत्त्या आहेत. बी-१ म्हणजे ओळखीच्या विषयावर काम चालेल इतकी भाषा. बी-२ म्हणजे अनोळखी विषयाचा युक्तिवाद समजून त्यावर लिहिता येईल इतकी. जीसीएसईचा वर्ग बी-१वर गाठला, तर प्रत्येक दिवस चढणीचा असतो. बी-२च्या जवळ पोहोचून गेलेल्या मुलाला विषयाकडे लक्ष देता येते.

तयारी कशी करावी?

परदेशी शाळेपूर्वी भाषेची तयारी ही गोष्ट नवी नाही. जवाहरलाल नेहरू १९०५ मध्ये पंधराव्या वर्षी हॅरो शाळेत दाखल झाले. त्यापूर्वी अलाहाबादेत फर्डिनंड ब्रुक्स हे त्यांचे खासगी शिक्षक होते आणि त्यांच्यामुळे वाचनाची गोडी आधीच लागली होती. आज प्रत्येक घरी ब्रुक्स येणार नाहीत, परंतु मार्ग तोच आहे: शाळा बदलण्यापूर्वी वाचन बदलावे.

दोन वर्षे हाती असतील, तर घरी राहून पुष्कळ साधते. विज्ञान वा भूगोलाचा जो धडा मूल शाळेत शिकत आहे, तोच ब्रिटिश पद्धतीने इंग्रजीत वाचावा. विषय ठाऊक असल्याने लक्ष भाषेकडे जाते. बीबीसीचे ‘बाइटसाइज’ आणि २०२० मध्ये सुरू झालेली ‘ओक नॅशनल अकॅडमी’ यांवर इयत्तावार धडे विनामूल्य आहेत. ते ऐकल्याने ब्रिटिश उच्चार व आघातही कानावर पडतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर, मराठीत असा फिरता आघात नसल्याने छापील पानावर सहज ओळखू येणारा शब्द ऐकताना निसटतो.

लेखनासाठी रोज एक परिच्छेद पुरे. इंग्लंडमधील शाळांत त्याची घडण अशी शिकवतात: आधी मुद्दा, मग पुरावा, मग स्पष्टीकरण. मत काहीही असो, ‘कशावरून?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच परिच्छेदात हवे. मराठीत ‘द’, ‘अ’, ‘ॲन’ यांसारखी उपपदे नाहीत, त्यामुळे ती सुटतात. ही चूक नियम पाठ करून जात नाही, भरपूर वाचनाने जाते.

बोलण्याच्या तयारीत सर्वांत उपयोगी वाक्ये मदत मागण्याची आहेत. ‘मला शब्द कळले, पण काय करायचे ते कळले नाही’, ‘हे पुन्हा दुसऱ्या शब्दांत सांगाल का?’ एवढे जो विचारू शकतो तो तरतो. आपल्याकडे मुले शिक्षकाला सहज सांगतात, ‘आय हॅव अ डाउट’. ब्रिटिश कानाला त्यात शंका विचारण्यापेक्षा अविश्वासाचा सूर लागतो. तेथे ‘क्वेश्चन’ म्हणावे. शिक्षकांनी एखाद्या कामाला ‘नॉट बॅड’ म्हटले तर ती बरेचदा प्रशंसा असते. ‘टी’ म्हणजे कित्येक घरांत संध्याकाळचे जेवण असते. निवासी शाळेतील ‘प्रेप’ म्हणजे सायंकाळचा अभ्यास, ‘एक्सिआट’ म्हणजे ठरलेली छोटी सुट्टी. शाकाहारी मुलाला तर पदार्थात अंडे वा जिलेटिन आहे का, हे न संकोचता विचारता आलेच पाहिजे. ही वाक्ये शिकवणीच्या पुस्तकात बहुधा सापडत नाहीत. ती घरीच म्हणून घ्यावीत.

ब्रायटन, बोर्नमथ, केंब्रिज अशा शहरांत उन्हाळ्यात भाषावर्ग भरतात व मुले यजमान कुटुंबात किंवा वसतिगृहात राहतात. वर्ग निवडताना ब्रिटिश कौन्सिलची मान्यता पाहावी. दोन-चार आठवड्यांत कान तयार होतात आणि भीड चेपते. अभ्यासाची भाषा मात्र एवढ्यात येत नाही. ज्यांना वेळ अपुरा पडला आहे, त्यांच्यासाठी काही निवासी शाळा जीसीएसईपूर्वी किंवा ए लेव्हलपूर्वी एक वर्षाचा सेतू-अभ्यासक्रम चालवतात. ‘एक वर्ष वाया जाते’ म्हणून पालक तो टाळतात. ज्या वर्षात मूल पुढच्या चार वर्षांसाठी उभे राहते, ते वाया कसे गेले?

पैशाचा जमाखर्च

निवासी शाळेचा खर्च अल्प नाही. अनेक शाळांचे वार्षिक शुल्क ४० हजार पौंडांच्या पुढे आहे. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के व्हॅट लागू झाला आहे. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. ‘यिअर टेन’पासून ए लेव्हलपर्यंत चार वर्षे धरली, तर केवळ शुल्कच १ लाख ६० हजार पौंडांच्या वर जाते. अनेक निवासी शाळा ब्रिटनमध्ये राहणारा ‘गार्डियन’ नेमण्यास सांगतात. सत्राच्या मधल्या सुट्टीत मुलाची सोय तो पाहतो. त्याचा खर्च वेगळा.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. अज्ञान मुलाच्या नावे पाठवताना त्याच्या पालकाची स्वाक्षरी लागते. ठरावीक मर्यादेपुढील रकमेवर बँक टीसीएस वसूल करते. तो खर्च नव्हे. प्राप्तिकर विवरणपत्रात त्याचे समायोजन मिळते. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर ही वसुली होत नाही.

एवढा बारीक हिशेब पालक मांडतात, तो मांडलाच पाहिजे. परंतु पौंडांची तरतूद करणारे घर वर्षांची तरतूद करावयास विसरते. या मोठ्या रकमेच्या तुलनेत भाषेच्या दोन वर्षांच्या तयारीचा खर्च अगदी किरकोळ आहे, आणि उरलेल्या सर्व खर्चाचे फळ त्याच तयारीवर अवलंबून आहे.

मराठी सोडू नये

इंग्रजी सुधारावी म्हणून घरातील मराठी बंद करणारे पालक थोडे नाहीत. कमिन्स यांचे दुसरे प्रतिपादन याच्या नेमके उलट आहे. दोन भाषांमध्ये विचाराची मुळे एकच असतात. ज्या मुलाला कारण आणि परिणाम, मत आणि पुरावा यांतील फरक एका भाषेत कळला, त्याला तो दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावा लागत नाही. केवळ नवे शब्द शिकावे लागतात. मातृभाषेतील वाचन तुटले, तर नवे शब्द अडकवायला खुंटीच उरत नाही.

अरविंद घोष यांना त्यांच्या वडिलांनी १८७९ मध्ये सातव्या वर्षी इंग्लंडला पाठवले. मँचेस्टर येथे एका कुटुंबात राहून त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले, पुढे लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत ते शिकले. इंग्रजी, ग्रीक, लॅटिन यांवर त्यांनी प्रभुत्व मिळवले. परंतु १८९३ मध्ये परतल्यावर बडोद्याच्या नोकरीत असताना त्यांना आपली बंगाली प्रौढपणी मेहनतीने पक्की करावी लागली. तेथेच ते मराठी व गुजरातीही शिकले. त्यांची बुद्धी असामान्य होती म्हणून ते साधले. सामान्य घरातील मुलाला आजीशी बोलण्याची भाषा तिशीत नव्याने शिकण्याची वेळ येऊ नये, एवढी काळजी पालकांनी घ्यावी. दर आठवड्याचा दूरध्वनी मराठीत व्हावा, सामानात चार मराठी पुस्तके असावीत.

पाठवण्यापूर्वीची पारख

निर्णय घेण्यापूर्वी एक साधी पारख घरी करता येते. मुलाच्या इयत्तेच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातील न वाचलेले एक पान त्याला द्यावे. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून त्याचा मुख्य मुद्दा, त्याचे एक कारण आणि स्वतःचे मत अशी दहा वाक्ये इंग्रजीत लिहावयास सांगावीत. वर्तनीच्या चुका मोजू नयेत. मुद्दा सापडला का आणि ‘कशावरून?’ याचे उत्तर आले का, एवढेच पाहावे. आले, तर मूल निघण्यास बरेचसे तयार आहे. न आले, तर एक वर्ष थांबावे, किंवा दहावी येथेच करून सोळाव्या वर्षी ए लेव्हलसाठी पाठवावे. त्या वयासाठी ‘स्टुडंट’ व्हिसाचाही मार्ग खुला होतो. त्यासाठी मात्र बी-१ पातळीच्या इंग्रजीचा पुरावा द्यावा लागतो.

नव्या वर्गात प्रत्येक मूल पहिले काही आठवडे, क्वचित काही महिने, ऐकत राहते. हा मौनाचा काळ स्वाभाविक आहे. त्याला घाबरू नये. तयारीने गेलेले मूल त्या काळात ऐकते, जुळवते आणि एक दिवस हात वर करते. तयारीविना गेलेले मूल त्याच मौनात हळूहळू स्वतःला कमी समजू लागते. बाहेरून पाहणाऱ्याला दोघेही सारखेच गप्प दिसतात. म्हणून दर आठवड्याच्या दूरध्वनीवर ‘किती गुण मिळाले?’ असे न विचारता ‘या आठवड्यात वर्गात काय विचारलेस?’ असे विचारावे.